जग सांगणारी पुस्तके: पाहिले कोणी आणि लिहिले कोणी?

करवीरवाचक

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या छोट्या वाचकगटाने येत्या पावसाळ्यापासून वर्षभर एकाच विषयाभोवतीची ललितेतर पुस्तके वाचायचे ठरवले आहे. विषय असा: जगातील प्रदेश, तेथील माणसांचे जगणे, आणि या जगाचे पुढे काय होणार याविषयीचे लेखन. नावे भराभर सुचली आणि यादी लांबली. आता प्रश्न उरला आहे तो निवडीच्या कसोटीचा. स्थळांची माहिती हवी असेल तर ती आज कोणालाही घरबसल्या मिळते. त्यामुळे केवळ काय काय पाहिले हे सांगणाऱ्या पुस्तकासाठी गटाचा महिना खर्च करावा असे मला वाटत नाही.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे आणि तीच येथे चर्चेला ठेवतो. परक्या प्रदेशाविषयीचे कोणतेही पुस्तक हाती घेताना दोन गोष्टी शोधाव्यात: हे प्रत्यक्ष पाहिले कोणी, आणि ते शब्दांत उतरवले कोणी. बहुतेकदा आपण ही दोन माणसे एकच असे गृहीत धरतो, परंतु जगातील कित्येक महत्त्वाच्या प्रवासग्रंथांत ती वेगळी आहेत. मार्को पोलोचा वृत्तान्त जिनोआच्या कैदेत, १२९८ च्या सुमारास, रुस्तिकेल्लो नावाच्या अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखकाने लिहून घेतला. इब्न बतूताचा प्रवास मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न जुझय्य या विद्वानाने १३५५ मध्ये ग्रंथबद्ध केला, आणि दमास्कस व मक्केच्या वर्णनांत त्याने इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाचा मजकूर मोठ्या प्रमाणात वापरला.

आपल्या गावाचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, तेव्हा त्यांनी नुकतीच विशी गाठली होती. इंग्लंडमध्ये महाराणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन आणि तेथील अनेक संस्था पाहून ते युरोप खंडातून परतत असताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्यात आले. १८७४ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि त्या स्मारकावरूनच जवळच्या पुलाला आजही भारतीयाचा पूल असे नाव आहे. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत. ती १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली, परंतु तिचे संपादन केले त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने. म्हणजे युरोप पाहिला कोल्हापूरच्या एका तरुणाने, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून. पहिल्या महिन्यात हेच पुस्तक घ्यावे असे माझे मत आहे. जाणकारांनी पुढील पुस्तके सुचवावीत, आणि कसोटीच चुकीची वाटत असेल तर तेही सांगावे.

शाहूपुरीची शिक्षिका

करवीरवाचक, कसोटी मला पटली. मराठीतील दोन पुस्तके तिच्यासाठी अगदी योग्य आहेत आणि ती जोडीने वाचली तर अधिक उलगडतात.

पहिले म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून कर्ज फेडण्याच्या आशेने हा कोकणातील भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरातच होता. इतिहासाच्या पुस्तकांत वेढा म्हणजे तारखा आणि तोफा असतात. गोडसे भटजींच्या लेखनात मात्र पाण्यासाठी धडपडणारी माणसे, लुटीची भीती आणि कसेबसे टिकवलेले सामान दिसते. हे लेखन त्यांनी १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून केले आणि वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रसिद्ध करताना वैद्यांनी भाषेत फेरफार केले आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये संपादित आवृत्ती काढली, तेव्हा भटजींचा स्वतःचा स्वर वाचकांना मिळाला. तो मिळायला साठ वर्षे लागली याचे मला आजही वाईट वाटते, कारण कित्येकांच्या घरी अजूनही संस्कारित आवृत्तीच आहे आणि ती भटजींचीच भाषा समजून वाचली जाते.

दुसरे पुस्तक म्हणजे पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, प्रकाशनवर्ष १८८९. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तो देश फिरल्या. व्याख्याने देत, शाळा आणि बालवाड्या पाहत, स्त्रियांच्या संघटनांचे कामकाज समजून घेत त्यांनी जे लिहिले त्यात स्थळवर्णन आहेच, परंतु पुस्तकाचा कणा आहे तो शासनपद्धती, शिक्षण, घरगुती जीवन आणि स्त्रियांची स्थिती यांचे विवेचन. अमेरिकेचे कौतुक करताना तेथील मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय त्या झाकत नाहीत. येथे पाहणारी आणि लिहिणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आपल्या देशातील स्त्रियांना काय उपयोगी पडेल हे मनाशी धरून पाहते आहे. इतक्या स्पष्ट हेतूने लिहिलेले प्रवासवृत्त त्या काळात दुसऱ्या कोणाचे असेल असे मला वाटत नाही.

वर्गात मुलांना मी रमाबाईंचे उतारे वाचून दाखवले आहेत. त्या भाषेचा पहिला अडसर ओलांडला की मुले प्रश्न विचारू लागतात, आणि ते प्रश्न अमेरिकेविषयी नसून बहुधा आपल्याविषयी असतात.

उत्तरेश्वर

राजाराम महाराजांची रोजनिशी मूळ इंग्रजीत वाचणे गटातील सर्वांना जमेल का, याचा विचार आधी करावा. निवडक नोंदी एखाद्याने मराठीत करून दिल्या तर ज्येष्ठ सभासदांनाही चर्चेत भाग घेता येईल. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची, म्हणजे महाराजांच्या जन्मवर्षातली. तेथे जुन्या ग्रंथांविषयी चौकशी अवश्य करावी. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही विचारता येईल.

नकाशावेडा

करवीरवाचक यांच्या दोन प्रश्नांना मी तिसरा जोडू इच्छितो: त्या पाहण्याचा खर्च कोणी केला, आणि कशासाठी? याचे उत्तर नकाशांच्या इतिहासात जितके स्पष्ट मिळते तितके क्वचितच कोठे मिळते, म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिबेटची सरहद्द युरोपीय लोकांना बंद होती आणि ब्रिटिशांच्या नकाशावर हिमालयापलीकडचा मोठा भाग कोरा होता. तेव्हा भारतीय सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी असा मार्ग काढला की सीमेवरील भोटिया समाजातील, तिबेटशी व्यापारसंबंध असलेल्या माणसांना मोजणी शिकवून पाठवावे. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातील नैनसिंह रावत हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. ते शाळेत शिकवत, म्हणून त्यांना पंडित म्हणत. त्यांना एकसारख्या लांबीची पावले टाकण्याचा सराव देण्यात आला. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल होई. जपमाळेत १०८ मण्यांऐवजी १०० मणी ठेवले आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोकळीत मंत्राच्या कागदाऐवजी नोंदी लपवल्या. पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून उंची काढली. तारा किंवा सूर्य यांची क्षितिजापासूनची उंची मोजताना पारा भांड्यात ओतून त्याचा आरसा केला, आणि तो पारा कवड्यांत भरून नेला.

१८६५ मध्ये निघून नैनसिंह नेपाळमार्गे तिबेटात शिरले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. ओळख पटली असती तर प्राण गेले असते. परत येईपर्यंत त्यांनी सुमारे १२०० मैल पावलांनी मोजले होते. या मोजणीमुळे ल्हासाचे स्थान आणि त्सांगपो (तिबेटातील ब्रह्मपुत्रा) नदीच्या प्रवाहाचा मोठा भाग प्रथमच खात्रीने नकाशावर आला. हा वृत्तान्त १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, तो मॉन्टगोमेरी यांच्या नावाने. गुप्ततेसाठी प्रवाशाचे नावही देता येत नव्हते. १८७७ मध्ये सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आता ग्रंथाविषयी. नैनसिंह हिंदीत लिहीत असत. उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथात त्यांचे जीवन आणि लेखन एकत्र आणले आहे. इंग्रजी अहवालात अक्षांश, उंची आणि अंतरे दिसतात. माणसाने स्वतः लिहिलेल्या पानांत थंडी, कर्ज, सोबती आणि रस्ता दिसतो. हिंदी आपल्या सर्वांना वाचता येते, म्हणून एक महिना या पुस्तकाला द्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रदेश शोधला गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तो प्रदेश तेथील व्यापाऱ्यांना, यात्रेकरूंना आणि मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. त्यात नवी असते ती मोजणी आणि तिची मालकी.

रंकाळ्याकाठी

मंडळींचा अभ्यास पाहून आनंद झाला, तरीही मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. प्रत्येक पुस्तकासमोर आपण चौकशी समितीसारखे बसलो, तर वाचनाचा आनंद हरवेल आणि गटातील नवे सभासद दुसऱ्याच महिन्यात येईनासे होतील. मराठी वाचकाला जगाची ओढ लावली ती अभ्यासग्रंथांनी नव्हे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आले, ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये, आणि परदेश म्हणजे केवळ शिकायला जाणाऱ्यांचा प्रांत असे मानणाऱ्या मध्यमवर्गाला आपल्यासारखाच एक माणूस तेथे वावरताना दिसला. मीना प्रभु यांनी पुढे एकेक देश घेऊन सविस्तर पुस्तके लिहिली. एकट्या स्त्रीने नियोजन करून, नकाशा घेऊन, अनोळखी भाषेत वाट काढत इराण किंवा मेक्सिको पाहता येतो हा विश्वास त्यांच्या पुस्तकांनी किती जणींना दिला, याचे मोजमाप कोणाकडे नाही, परंतु माझ्या घरातच त्याचा पुरावा आहे: माझी आई निवृत्तीनंतर मैत्रिणींसह निघाली ती त्यांची पुस्तके वाचूनच.

शिवाय लेखकाचा सिद्धान्त चुकला म्हणून पुस्तक टाकाऊ होत नाही. थोर हायरडाल हे नॉर्वेजियन संशोधक १९४७ मध्ये पाच सोबत्यांसह बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूच्या कायाओ बंदरातून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातील रारोइया प्रवाळबेटाला लागले. पॉलिनेशियाची वस्ती दक्षिण अमेरिकेतून झाली हे त्यांना दाखवायचे होते. भाषा, पुरातत्त्व आणि जनुके यांच्या अभ्यासाने ते खरे ठरले नाही, कारण ते लोक आशियाच्या बाजूने आले. तथापि ‘कॉन-टिकी’ वाचताना महासागरावर तरंगत राहण्याचा जो अनुभव मिळतो तो सिद्धान्ताबरोबर बुडत नाही.

नकाशावेडा

रंकाळ्याकाठी, ‘कॉन-टिकी’ वाचावे याविषयी माझे दुमत नाही. मात्र त्याच महिन्यात दुसरा एक प्रवासही चर्चेत यावा. १९७६ मध्ये होकुलेआ नावाची दुहेरी होडी हवाईहून ताहितीला गेली, अंतर सुमारे ४००० किलोमीटर. वाटाड्या होते मायक्रोनेशियातील सातावाल बेटावरचे माउ पियाइलुग. होकायंत्र नाही, नकाशा नाही. ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा, लाटांच्या दिशा आणि पक्ष्यांची ये-जा यांवर त्यांनी होडी नेली. पॉलिनेशियन लोक वाऱ्या-प्रवाहाबरोबर योगायोगाने वाहत जाऊन बेटांवर पोहोचले, या समजुतीला त्या प्रवासाने मोठा धक्का दिला.

हायरडाल यांच्याबद्दल पूर्ण न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की २०२० मधील जनुकीय संशोधनात, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवासी यांचा संपर्क आल्याचे दिसले आहे. संपर्क झाला होता, वस्ती मात्र तिकडून झाली नव्हती. परंतु माझा रोख वेगळा आहे. माउ पियाइलुग यांचे ज्ञान तोंडी परंपरेचे होते. पुस्तक लिहिणारा नसल्यामुळे ते शतकभर अज्ञान समजले गेले. आपल्या वाचनयादीत असे लोक कसे येतील, याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही, पण हा प्रश्न गटासमोर असावा.

शाहूपुरीची शिक्षिका

रंकाळ्याकाठी यांनी उपस्थित केलेला आनंदाचा मुद्दा मी हलका मानत नाही. तरीही माझ्या मते वाचन बारकाईने केले म्हणून आनंद कमी होत नाही, विशेषतः संस्कृतीविषयीच्या पुस्तकांत.

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोवस्की यांचे उदाहरण घ्या. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन टप्प्यांत दीर्घ मुक्काम केला, स्थानिक भाषा शिकली, आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुला या देवाणघेवाणीचे वर्णन केले. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या साखळीतून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. कोणतीही वस्तू कायमची कोणाची होत नाही. ती पुढे दिली की देणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते आणि दूरच्या बेटावर भागीदार मिळतो. बाजारातील नफ्यातोट्याच्या हिशेबाने ही पद्धत समजत नाही, आणि अशी पद्धत माणसे जिवापाड जपतात हे समजून घेण्यासाठी तिथे राहावेच लागते. पुढे १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्यांची खासगी दैनंदिनी प्रसिद्ध झाली आणि तीत त्याच बेटवासीयांविषयीचा त्रागा आणि तिरस्कार अभ्यासकांना वाचावा लागला. ग्रंथातील आदर खोटा होता असे मी म्हणणार नाही. पाहणारा माणूस थकलेला, एकटा आणि आपल्या काळातील पूर्वग्रहांनी भरलेला असतो, आणि तरीही शिस्तीने निरीक्षण केले तर त्याच्या हातून मोलाचे काम होऊ शकते, असे मला ही दोन पुस्तके एकत्र ठेवल्यावर वाटते.

आणि परकी संस्कृती पाहायला समुद्र ओलांडावाच लागतो असेही नाही. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिलेला लेख ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. समाजशास्त्राची अभ्यासक वारकऱ्यांबरोबर चालते, त्या भक्तीने भारावते, आणि त्याच वेळी एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्यांत जातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे तिच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या कोल्हापुरातून दरवर्षी दिंड्या जातात, आपल्यापैकी अनेकांच्या घरी वारी आहे. असा लेख वाचून मग ट्रोब्रिअँडकडे वळलो, तर तेथील माणसे चमत्कारिक वाटणार नाहीत.

पंचगंगेचा पूर

प्रदेश आणि संस्कृती यांवर भरपूर चर्चा झाली. भवितव्याचा विषय मागे राहिला आहे, म्हणून लिहितो. करवीरवाचक यांची कसोटी येथे अधिक कडक लावावी लागते, कारण भविष्य कोणीच पाहिलेले नसते. तेथे पाहणारा नसतो, फक्त लिहिणारा असतो.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ १९६८ मध्ये आले. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील असे भाकीत त्यात होते. हे पुस्तक भविष्याविषयीचे असले तरी त्याचा आरंभ प्रवासवर्णनानेच होतो: दिल्लीतील एका उकाड्याच्या रात्री टॅक्सीतून पाहिलेली गर्दी. १९६१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती आणि त्याच दशकात पॅरिस व उपनगरे मिळून ती ८० लाखांच्या घरात होती. पॅरिसच्या गर्दीवरून जगबुडीचे भाकीत कोणी केले नाही. टॅक्सीच्या काचेतून दिसली ती गरिबी, आणि लेखकाने तिला संख्या समजून घेतले. इकडे नवे गव्हाचे वाण, सिंचन, खते आणि सरकारी खरेदी यांमुळे भारतातील गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मधील सुमारे १ कोटी २३ लाख टनांवरून १९७०-७१ मध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी एर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या किमतींवर दहा वर्षांची पैज लावली आणि १९९० मध्ये सायमन ती जिंकले. दहा वर्षांचा वेगळा कालखंड निवडला असता तर निकाल वेगळा लागू शकला असता, हेही नंतर दाखवले गेले आहे, म्हणून त्या पैजेवरून साधनसंपत्ती अमर्याद आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

याच्या उलट ‘द लिमिट्स टु ग्रोथ’ हा १९७२ चा ग्रंथ. क्लब ऑफ रोम या आंतरराष्ट्रीय विचारगटासाठी डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांनी संगणकावरील प्रारूप वापरून तो लिहिला. लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि न भरून येणारी साधनसंपत्ती यांचे परस्परसंबंध धरून त्यांनी वेगवेगळी चित्रे मांडली: अमुक केले तर असे होईल, तमुक केले तर तसे. या ग्रंथाला अनेकांनी चुकलेले भाकीत ठरवले, कारण या टीकाकारांनी अनेक शक्यतांपैकी एक उचलून तिलाच भविष्यवाणी मानले. आज लोकसंख्येचेच पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १०३० कोटींवर पोहोचून नंतर हळूहळू उतरेल. १९६८ मध्ये हे कोणाला पटले नसते. माझे म्हणणे असे की भविष्यावरील पुस्तक निवडताना त्याने आपली गृहीतके उघड केली आहेत का एवढेच पाहावे. ती उघड असतील तर पन्नास वर्षांनीही त्या पुस्तकाशी वाद घालता येतो.

आणखी एक सूचना आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. कित्येकांच्या घरांवर पाण्याची खूण अजून आहे. अशा गावातील वाचकगटाने भविष्याचा विचार केवळ दूरच्या ग्रंथांतून करू नये. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गटाचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला. संपूर्ण घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर करून कोठे खाणी नकोत, कोठे मोठी धरणे नकोत हे त्यात सांगितले होते आणि अंतिम निर्णय ग्रामसभांच्या विचारविनिमयातून व्हावा असा आग्रह धरला होता. तो नाकारणाऱ्यांचेही युक्तिवाद आहेत, आणि भुदरगड-राधानगरीकडील शेतकऱ्याला त्यातील निर्बंधांची भीती वाटली तर ती समजून घेतली पाहिजे. राधानगरीचे अभयारण्य २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत आले. आपल्या पाण्याचा उगम ज्या डोंगरांत आहे, त्यांच्या भवितव्याविषयीचा हा दस्तऐवज मी कोणत्याही विश्वविख्यात ग्रंथाइतकाच महत्त्वाचा मानतो.

भुदरगडकर

पंचगंगेचा पूर यांनी आमच्या भागाचे नाव घेतले म्हणून लिहितो. अहवाल वाचायचा तर गारगोटी किंवा राधानगरीकडे येऊन वाचा. तेथे बसून चर्चा झाली, तर ज्यांच्या जमिनीविषयी तो लिहिला आहे त्यांना बोलता येईल. एरवी शहरात बसून डोंगराचे भवितव्य ठरवणारी आणखी एक बैठक होईल. जागेची व्यवस्था मी करतो.

करवीरवाचक

भुदरगडकर, आपले निमंत्रण मी गटाच्या वतीने स्वीकारतो. पाऊस ओसरल्यावरचा महिना त्यासाठी ठेवू, म्हणजे रस्तेही बरे असतील.

आतापर्यंतच्या चर्चेवरून क्रम असा ठरवतो. आरंभ राजाराम महाराजांच्या रोजनिशीने, आणि उत्तरेश्वर यांनी सुचवल्याप्रमाणे निवडक नोंदींचा मराठी मजकूर आधी सर्वांना दिला जाईल. त्यानंतर गोडसे भटजी, तेही पोतदारांच्या आवृत्तीतून, आणि ज्यांच्याकडे वैद्यांची आवृत्ती असेल त्यांनी ती सोबत आणावी, कारण झाशीचा भाग दोन्हींत शेजारी ठेवून वाचायचा आहे. मग रमाबाई, नंतर नैनसिंह. रंकाळ्याकाठी यांच्या आग्रहास्तव ‘पूर्वरंग’ आणि मीना प्रभु यांचे एक पुस्तक यादीत राहील. कोणते, ते त्यांच्या आईंनीच ठरवावे आणि शक्य असल्यास त्या बैठकीत बोलावे. ‘कॉन-टिकी’ घेताना होकुलेआविषयी नकाशावेडा बोलतील. मालिनोवस्की आणि इरावतीबाई एकाच महिन्यात. १९६८ आणि १९७२ ची दोन भविष्यविषयक पुस्तके शेवटच्या तिमाहीत.

एक जागा मोकळी आहे. परक्या माणसाने आपला मुलूख कसा पाहिला, असे एखादे पुस्तक तेथे यावे असे मला वाटते. आतापर्यंत आपणच जगाकडे पाहत होतो. ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, परंतु त्याचे उल्लेख त्रोटक आहेत. अल्बेरुनी फार मोठा, पण तो आपल्या बाजूला आला नाही.

नकाशावेडा

त्या जागेसाठी अफानासी निकितिन सुचवतो. हा रशियातील त्वेर शहरचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कास्पियन समुद्र, इराण आणि होर्मुझ या मार्गाने निघून कोकणातील चौल बंदरात उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या आधी सुमारे तीस वर्षे. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता, कारण दख्खनमध्ये चांगली घोडी पैदा होत नसल्यामुळे परदेशी घोड्याला मोठी किंमत येई. चौलहून तो जुन्नरला आला आणि पावसाळा तेथेच काढला. तेथील खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे बहमनींच्या बीदरमध्ये राहून त्याने जे लिहिले त्यात एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते: सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यांतील माणसे अतिशय दरिद्री आहेत.

करवीरवाचक यांच्या कसोटीला हे पुस्तक उतरते. राजाने पाठवलेला दूत नाही, सर्वेक्षण खात्याचा माणूस नाही, धर्मप्रचारक नाही. स्वतःच्या जोखमीवर आलेला, वाटेत लुटला गेलेला व्यापारी स्वतःच लिहितो आहे, आणि एकटेपणी प्रार्थना करताना तुर्की व फारसी शब्द त्याच्या रशियनमध्ये मिसळतात. परतताना घरी पोहोचण्यापूर्वीच तो वारला आणि त्याच्या वह्या बखरींत समाविष्ट होऊन टिकल्या. मूळ मजकूर लहान आहे, एका बैठकीत संपेल. चौल, जुन्नर, गुलबर्गा आणि बीदर यांचा मार्ग दाखवणारा नकाशा मी तयार करून गटाला देईन. जुन्नर परिसराची माहिती असलेले कोणी हा धागा वाचत असतील, तर त्यांनी घाटातील जुन्या व्यापारी वाटांविषयी येथे अवश्य लिहावे.

शाहूपुरीची शिक्षिका

निकितिनला माझे अनुमोदन आहे. चौलहून जुन्नरकडे जाताना नाणेघाटाची जुनी वाट विचारात घ्यावी लागेल. तेथील सातवाहनकालीन लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. निकितिन नेमका त्याच वाटेने गेला असे मी म्हणत नाही. त्याने दिलेल्या मुक्कामांची नावे आणि लागलेले दिवस नकाशावर मांडून पाहिल्यावरच ते ठरवता येईल. नकाशा तयार झाला की आधी मला पाठवा, दहावीच्या मुलांकडून अंतरे मोजून घेते.